चांगल्या कानात कापूस

अनसू, तुझ्या उजव्या कानातला कापूस मी काढला. डॉक्टरला मान बघायची होती. ती त्यानं बघितली, लिहून घेतलं आणि तुला शिवून परत पाठवलं. कान कोण बघतो? आंघोळ घालायला बायका जमल्या, मी तुझे केस मागे सारले, आणि बोळा दिसला. सरकी काढून, बोटांनी पिंजून, नीट गोल केलेला. एका बाजूनं लाल झाला होता. तुझी माय म्हणाली, "राहू द्या बाई, तिचा आहे." मी राहू दिला नाही. आता तरी तुला सगळं ऐकू यावं असं मला वाटलं.

काय ऐकू यावं, ते मात्र ठाऊक नव्हतं. माझं रडणं? मी रडत नव्हते. तुझ्या अंगावर पाणी ओतता ओतता मी मनातल्या मनात तुझ्या नवऱ्याला मारत होते. नुसत्या हातांनी. त्याचं डोकं दगडावर आपटत होते, पुन्हा उचलत होते, पुन्हा आपटत होते. तांब्या हातातून सुटला तेव्हा भानावर आले. बायकांना वाटलं, मास्तरीणबाईंना भोवळ आली.

तुझा नवरा पुंडलिक भर दुपारी आला. तू मळ्यात आंब्याखाली पाट मांडून लिहीत होतीस, पाठ वाटेकडे. माय पलीकडे कपाशी वेचत होती. त्यानं एकच घाव घातला, तोही डाव्या हातानं, कारण उजवा मनगटात वाकडा आहे. मग तिथंच बसला. माय आली तेव्हा कुऱ्हाड मांडीवर घेऊन तुझ्या पायाशी बसला होता. ओंजळीतला कापूस टाकून तिनं बोंब मारली, माणसं धावली, त्याला लाथांनी तुडवला, तरी पळाला नाही. पोलिसांना म्हणाला, "म्या हाका मारल्या होत्या. दोन डाव मारल्या. तिनं वळून पाह्यलं नाई."

हे त्याचं वाक्य आता गावोगाव फिरतंय. नांदुऱ्याच्या बाजारात मी मेथीची जुडी निवडत होते, तिथं ऐकलं. "बिचारा हाका मारून राह्यला होता म्हन्तात." बिचारा! बायकोला हाक मारायला येताना माणसाला कुऱ्हाड कशाला लागते, हे मी त्या बाईला विचारलं. ती दुसरीकडे बघायला लागली. मी मेथी तिथंच टाकून आले.

तू पहिल्यांदा आलीस तो दिवस आठवतो. मी देऊळगाव राजाहून नांदुऱ्याच्या मुलींच्या शाळेत येऊन दुसरा हिवाळा होता. शाळेच्या मागच्या खोलीत राहत होते. तू दारात उभी राहिलीस, डोक्यावरचा पदर डाव्या कानावर घट्ट ओढलेला.

"बाई, आइतवारी शाळेत कोनी असते काय?"

"रविवारी कोण असणार?"

"मंग मले बसू द्यान काय?"

"कशाला?"

तू खाली बघितलंस. "लिवाचं आहे."

मी तुला नखशिखांत बघितलं हे खरं. पुंडलिक इंजिनवाल्याची बायको, वरवट बकालच्या मळेवाल्याची लेक, मुलांच्या शाळेत मागच्या भिंतीला बसून चौथीपर्यंत शिकलेली. तुझं घर जीनच्या, कापसाची सरकी काढायच्या कारखान्याच्या, भिंतीला लागून. कापसाचा हंगाम सुरू झाला की ते इंजिन रात्रंदिवस चालायचं. मी एकदा तुझ्याकडे चहाला आले होते, तेव्हा फळीवरची भांडी आपोआप थरथरत पुढं येताना पाहिली. कडेला आली की तू बोलता बोलता उठून मागं ढकलायचीस. भोंगा व्हायचा, मालगाड्या जायच्या, गाडीवाल्यांची भांडणं चालायची. आणि इंजिन बंद असलं की पुंडलिक घरी असायचा. म्हणजे तुझ्या घरात अशी एकही घटका नव्हती जेव्हा कुठूनच काही आदळत नव्हतं.

तुझा डावा कान त्यानं फोडला, हे तू मला पुष्कळ दिवसांनी सांगितलंस. सांगताना हसत होतीस, त्याचीच मला चीड आली. भाजीत मीठ जास्त झालं होतं म्हणे. एक थप्पड, मग घणघण, मग कानातून पाणी, मग काहीच नाही.

"एक कान त्यानं बंद केला, बाई. आता एकच बंद कराचा राह्यला, थो मी कापसानं करून घेते. मंग कसं निवांत."

"म्हणजे त्याचे उपकार मानतेस की काय?"

"उपकार नाई मानत." तुझा चेहरा एकदम कठोर झाला. "कान माहा आहे. फुटला तरी माहाच आहे. त्याचं काय कराचं थे मी ठरवीन."

पहिल्या रविवारी तू सरसर लिहिलंस. कागदावर शाई उडाली, टाकाची निब वाकली. मी वाचलं आणि मला ते फार आवडलं. दुष्टा, पाप्या, नराधमा, असं सगळं नाटकातल्यासारखं, पण ठिणग्या उडत होत्या. मी म्हटलं, उद्याच्या टपालानं साप्ताहिकाला पाठवू. तू ते पुन्हा वाचलंस, शेवटपर्यंत, आणि माझ्या चुलीत घातलंस. मी ओरडले. तू म्हणालीस, "हे म्या नाई लिवलं, बाई. हे त्यानंच लिवलं माह्या हातानं. त्याच्यावानीच वरडून राह्यलं."

त्यानंतर तू कितीतरी रविवार नुसती बसलीस. चौथीच्या वर्गात, फळ्याखाली, भिंतीला टेकून, हात मांडीवर, कानात बोळा. कागद समोर पडलेला असायचा. मी खिडकीतून दोनदा-तीनदा डोकावायची. मला राग यायचा. मार खाऊन, खोटं बोलून, नदीवर धुणं धुवायला जाते सांगून यायचं, आणि इथं येऊन भिंतीला टेकायचं?

"झोपायचंच असेल तर घरी झोप ना."

"झोपून नाई राह्यली. जीन थांबाची वाट पाहून राह्यली."

"आज जीन बंदच आहे."

"कानातला," तू म्हणालीस.

मग एका रविवारी एक पान झालं. एकच. एक बाई भाकरी थापते आहे आणि अंगणात पाऊल वाजतं. पाऊल कसं पडलं त्यावरून तिला संध्याकाळ कशी जाणार ते कळतं. ती भाकरी थापायची थांबत नाही. फक्त थापण्याचा आवाज कमी करते. बस्स. त्या पानात कुणी कुणाला मारत नव्हतं. तरी मी ते तीनदा वाचलं. मी स्वतः बायकांच्या मारहाणीवर साप्ताहिकांत लेख लिहीत होते, लेखांत काठ्या होत्या, रक्त होतं, फुटलेली डोकी होती. पण ती भाकरी मला कधी दिसली नव्हती.

"हे कुठं सापडलं तुला?"

"होतंच की. गलक्यात दिसत नव्हतं. पानी गढूळ असते तवा तळाचं भांडं दिसते काय? बसू द्या लागते."

यावरून आपण किती भांडलो! मी सकाळी लिहिलं की संध्याकाळच्या टपालात टाकणारी. तू मला तोंडावर म्हणालीस, "तुम्ही लिवता तवा भांडता, बाई. भांडन वाईट नाई. पन भांडताना समोरच्याचं तोंड दिसत नाई, निस्ता त्याचा हात दिसते." मी म्हटलं, "हात दिसतो कारण तो अंगावर येत असतो! रोज कुणीतरी मार खातं आहे. त्या बायकांनी तुझं पाणी निवळायची किती वाट बघायची?" तू गप्प झालीस. तू गप्प झालीस म्हणजे मी जिंकले असं नव्हे, हे मला तेव्हाही कळत होतं. पण माझा प्रश्न खोटा नव्हता, अनसू. आजही नाही.

त्यानं शोधून काढलंच. कुणी सांगितलं देव जाणे. रविवार दुपार होती. मी मागच्या अंगणात डाळ वाळत घालत होते. वर्गातून बाक कोसळल्याचा आवाज आला. धावत गेले तर त्यानं तुझे केस मुठीत धरलेले, काखेत इंजिनचा पान्हा दाबलेला. दौत फुटून तुझं लुगडं निळं झालेलं. तो तुझ्या तोंडात कागद कोंबत होता. चुरगळून, बोटं आत घालून, घशापर्यंत. "खाय! लय लिवतं ना? खाय आता!" मी त्याच्या दंडाला लोंबकळले. त्यानं कोपर मागं हाणलं आणि माझा पुढचा दात तुटला. तोंडात रक्ताची चव आली आणि तुझ्याही तोंडातून रक्त येत होतं, कागद लाल होत होता.

तो तुला फरफटत ओसरीवर घेऊन आला. तिथं शाळेची घंटा टांगलेली, रुळाचा तुकडा, आणि ती वाजवायची लोखंडी कांब कठड्यावर ठेवलेली. तुझा हात तिच्यावर कसा पडला ते मला दिसलं नाही. दिसलं ते एवढंच, की कांब वर गेली आणि त्याच्या मनगटावर आली. कपाशीची वाळलेली पऱ्हाटी पायाखाली मोडावी तसा आवाज झाला. केस सुटले. पान्हा फरशीवर पडला. तो गुडघ्यावर बसला, हात छातीशी धरून, आणि असा विव्हळला की रस्त्यावरची माणसं थांबली.

तू कांब पुन्हा उचललीस. या वेळी त्याचं डोकं खाली होतं. उघडं, तुझ्या पुढ्यात. मी बघत होते. मी तुला थांबवलं नाही, थांबवायचं माझ्या मनातही आलं नाही. तू उभी राहिलीस. मग तू तोंडातला कागद थुंकलीस आणि म्हणालीस, "आता जाय."

तो गेला.

मी नंतर तुला विचारलं, दुसरा का नाही मारलास. तू म्हणालीस, "मेला असता तं जनमभर त्याचाच आवाज आला असता डोक्यात. मंग मी कवा लिवलं असतं?" मला तेव्हा ते उत्तर फार मोठं वाटलं होतं. मी मैत्रिणींना सांगितलं होतं अभिमानानं.

अनसू, मारायला हवा होतास. शाळेतल्या मुलींसमोर मी हे म्हणणार नाही, कोर्टातही म्हणणार नाही, पण तुला म्हणते. दुसरा घाव घालायला हवा होतास. तुरुंगात गेली असतीस तर मी तुला दर महिन्याला भेटायला आले असते. टाक-दौत आणली असती. नुसती बसून राहिली असतीस, एक ओळही लिहिली नसतीस, तरी चाललं असतं मला. जिवंत असतीस.

त्या रविवारनंतर पंच बसले. त्याचे पाय धर आणि नांदायला जा, असा त्यांचा निवाडा. तू पुरुषांच्या घोळक्यासमोर उभी राहून म्हणालीस, "मी नांदत नाई," आणि चालू लागलीस. शाळा चालवणाऱ्या मंडळींनी मला बोलावून समज दिली आणि रविवारची किल्ली काढून घेतली. तुटलेल्या दाताबद्दल कुणी विचारलं नाही. पुंडलिकचं मनगट वाकडं बसलं. इंजिन आता त्याच्यानं आवरेना, म्हणून जीनवाल्यांनी त्याला फाटकावर बसवलं.

तू वरवट बकालला गेलीस, मायकडे. बाप गेलेला, भाऊ नाही, माय एकटी मळा सांभाळत होती. तिनं तुला रडून जवळ घेतलं नाही, हे तूच मला सांगितलंस. तिनं विचारलं, "काय करशीन?" तू म्हणालीस, "लिवीन." तिला लिहिणं म्हणजे काय ते नीटसं ठाऊक नव्हतं. तिनं थोडा विचार केला. "सकाळ-संध्याकाळ माही. निंदन, वेचन, भाजी काढनं. दुपार तुही." आणि ती तो शब्द पाळत राहिली. तू दुपारी बसलीस की ती त्या बाजूला फिरकतही नसे. कुणी आलं तर वाटेवरच थोपवायची. पुंडलिक आला त्या दिवशी तेवढी कपाशी फुटली होती, म्हणून ती लांब होती.

दिवाळीच्या सुट्टीत मी मोटारीनं यायची, पुढं बैलगाडीनं. मळ्यातही आवाज कमी नव्हते. पेरूवर पोपटांची झुंबड, वारा, कुठं कुत्रं. तू कापूस घालायचीस आणि बसायचीस, जशी शाळेत बसायचीस तशीच. फरक एवढाच की आता तुझे खांदे खाली आले होते. शाळेत ते कानांपर्यंत चढलेले असायचे. मी जवळ बसून बघायची. अर्धी दुपार जायची, तुझं बोटही हलत नसे, चेहऱ्यावरून मात्र काहीतरी सरकत राहायचं. मग टाक उचलायचीस. एक ओळ. दोन. त्यातली एक खोडायचीस. एरवी एका जागी न बसणारी मी, तुझ्याजवळ बसून मलाही कधीकधी स्वतःच्या छातीतली धडधड ऐकू यायची आणि मी घाबरून उठून जायची.

त्या मळ्यात तू पाच-सहा गोष्टी लिहिल्यास, त्यांतलीच 'सुट्टीचा दिवस'. एक उन्हाळा आणि एक पावसाळा लागला तिला. गोष्टीत एक इंजिनवाला आहे. जीन बंद आहे, तो घरी बसला आहे. बायको सुपात ज्वारी पाखडते आहे. ती थांबते, आणि घरात काहीच वाजेनासं होतं. त्या शांततेत त्याला स्वतःचा बाप ऐकू येऊ लागतो, जो त्याला लहानपणी गोठ्यात बांधून मारायचा. तो बायकोशी काहीतरी बोलतो, ती ऐकत नाही. आणि मग ते वाक्य, जे तू मला वाचून दाखवलंस तेव्हा माझ्या अंगावर काटा आला आणि पाठोपाठ आग झाली: "हात उचलला तेव्हा त्याला राग आला नव्हता. घर फार शांत होतं."

"राग आला नव्हता?" मी ओरडले. "तुझा कान फोडला त्यानं! तोंडात कागद कोंबला! आणि तू बसून बसून त्याची बाजू लिहिलीस?"

"बाजू नाई लिवली. त्याले लिवलं."

"काही फरक नाही."

"रागाचं मानूस मले समजते, बाई. तुम्हालेही समजते. हे मले समजत नव्हतं, थो हसता हसता काऊन मारते. म्हनून बसली मी त्याच्याजवळ."

"त्याच्याजवळ? त्याच्यापासून पळून इथं आलीस ना?"

"म्हनूनच तं बसता आलं," तू म्हणालीस.

मी त्या दिवशी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी निघताना बैलगाडीत बसल्यावर तू माझ्या पिशवीत पेरू घातलेस आणि म्हणालीस, "पुढच्या डावाले भांडू." मी म्हटलं, "भांडूच." तो पुढचा डाव आला नाही.

गोष्ट तू एका मासिकाला पाठवलीस आणि ती छापून आली. नांदुऱ्यात जीनच्या फाटकाशी, दुपारच्या सुट्टीत, एका कारकुनानं ती मोठ्यानं वाचली. पुंडलिक तिथंच स्टुलावर बसलेला. माणसांनी ओळखलं. बायकोला मारतो, याला कुणी हसलं नाही. त्यात हसण्यासारखं त्यांना काही वाटलं नाही. शांत घराला भितो, याला हसले. जाता-येता त्याच्या कानाशी तोंड नेऊन "श्श्श" करायला लागले. एकाला त्यानं डाव्या हातानं दगड मारला, तर चौघांनी त्याला धरून सरकीच्या ढिगात गाडला आणि वर बसून हसले. हे मला शाळेच्या शिपायानं सांगितलं. मी तुला निरोप पाठवायचा विचार करते आहे तोवर माय बोंब मारत धावली होती.

आता माझा तुझ्यावरचा राग ऐक. तू त्याला ओळखलं होतंस. त्याच्या बापाच्या गोठ्यापर्यंत जाऊन ओळखलं होतंस. हाकेला ओ मिळाली नाही की त्या माणसाचं काय होतं, हे साऱ्या वऱ्हाडात तुझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. एवढं ठाऊक असून पाठ वाटेकडे करून बसलीस? चांगल्या कानात बोळा घालून? काऊन, अनसू?

तुझ्या तेरवीला हाच प्रश्न तुझ्या चुलत्यानं विचारला. पंगत उठली होती, माणसं पानसुपारी खात बसली होती. तो सुपारी कातरत म्हणाला, "कानात कापूस कोंबून लिवत बसली नसती, तं पाय वाजलेला ऐकू आला असता. तिच्या लिवन्यानं मारलं तिले." दोघा-तिघांनी "हाव" म्हणत मान डोलावली. मी उठले, चालत गेले आणि त्याच्या थोबाडीत मारली. पूर्ण ताकदीनं. त्याची पगडी पडली, अडकित्ता उडाला. मी म्हटलं, "तिला पुंडलिकनं मारलं. नाव घे त्याचं." तो पगडी उचलायला वाकला. मी पुन्हा हात उचलला. "घे नाव." त्यानं घेतलं.

माझा हात कोपरापर्यंत झणझणत होता. मला राग होता, पुष्कळ होता, आणि मारल्यावर तो वाढला. लोकांनी मला धरलं नसतं तर मी त्याला मारतच राहिले असते, हे मला आतून कळलं. हे तुला सांगायचं होतं. तुझ्याशिवाय कुणाला सांगू? दुसरं कुणी ऐकून घेईल, पण बसून बघणार नाही.

आणि तोच प्रश्न मी विचारला तर त्याला थप्पड नाही, हेही मला कळतं. मी बसून पाहिलं, तुझ्या आंब्याखाली, तुझ्याच पाटावर. बोळा घातला नाही, धीर झाला नाही. पण बसले. आणि मला वाटतं, तू वाटेकडे तोंड करून बसली असतीस तर लिहिलं नसतंस, नुसती राखण केली असतीस. पाऊल ऐकत बसणं तू नांदुऱ्यात केलं होतंस, भाकरी थापता थापता, वर्षानुवर्षं. ते तुला पुन्हा करायचं नव्हतं. ज्या दिवशी कापूस घालून वाटेला पाठ केलीस त्या दिवशी तू त्याच्या घरातून खरी बाहेर पडलीस. मग भले पाच-सहा गोष्टींपुरतं का होईना. हे मला पटलं आहे की मी स्वतःची समजूत घालते आहे, सांगता येत नाही. रोज सकाळी पटतं आणि दुपारी पटेनासं होतं.

पाहुणे गेल्यावर मी मळ्यातच राहिले. दुसऱ्या दिवशी माय माझ्यापुढं येऊन बसली. हातावर मातीच होती.

"बाई, ज्याच्यापायी मेली थे वाचून दाखवा मले."

माझ्या पिशवीत मासिक होतं. मी म्हटलं, "तुम्हाला सोसायचं नाही. त्याच्यावरच आहे ती."

"मले मालूम आहे. वाचा."

विहिरीवर सालदार मोट हाकत होता. चाक करकरत होतं, पाणी दगडी थाळण्यात धडाधड पडत होतं. माय तिथूनच ओरडली, "बैल सोड रे! राहू दे पानी." सालदार म्हणाला, वांगी सुकून राह्यली. "सुकू दे," ती म्हणाली. बैल सुटले. चाक थांबलं. थाळण्यातलं उरलेलं पाणी पाटानं निघून जाईपर्यंत ती बोट वर करून थांबली, आणि मग ते बोट खाली केलं.

मी वाचलं. मी मुलींना वाचून दाखवते, माझा आवाज मोठा आहे. पण त्या दिवशी मला तो मोठा करावा लागला नाही. हात उचलण्याच्या वाक्यापाशी मी अडले. मायनं पाणी दिलं नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. थांबली फक्त. मग मला पुढचं वाचता आलं. शेवटी तो इंजिनवाला जीनकडे जातो आणि थंड इंजिनवर कान ठेवतो, तिथं गोष्ट संपते. मी मासिक मिटलं.

माय बराच वेळ मातीत बोटानं रेघा ओढत होती.

"खरं लिवलं," ती म्हणाली. "असाच आहे थो. असाच."

तिनं रेघा तळहातानं पुसल्या.

"फाशी झाली पाह्यजे त्याले."

मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. पुढं आणखी काही असेल, 'पण' असेल, हुंदका असेल, असं मला वाटलं. काही नव्हतं. दोन्ही तिनं एकाच आवाजात म्हटलं होतं. मग ती गुडघ्यावर हात टेकून उठली, आणि वांग्याच्या वाफ्याकडे जाता जाता तिनं सालदाराला बैल जुंपायला सांगितलं.